चूक सांगणाऱ्या सिस्टरवर धावून जाऊ नका

खामगावकरांनो, औषध चुकलं तर दवाखान्यातली माणसं गप्प का बसतात, हे समजायला फार लांब जायला नको. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसी-कोपरी गावात १२ बालकांना पोलिओच्या डोसऐवजी हँड सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. लेकरांना उलट्या झाल्या, यवतमाळच्या सरकारी रुग्णालयात ठेवावं लागलं. नशीब, सगळी बरी झाली. तिघांवर कारवाईची बातमी लगेच आली. कारवाई नकोच होती असं माझं म्हणणं नाही. पण लसीच्या जागी सॅनिटायझरची बाटली हातात आलीच कशी, हा प्रश्न त्या बातमीखाली दबला. अशी बातमी वाचून दुसरीकडची कंत्राटी सिस्टर एकच धडा घेते : तोंड उघडलं की मेमो.

आता इन्सुलिनचं बघा. आपल्याकडे ४० युनिटची बाटली मिळते आणि १०० युनिटचीही. सिरिंजही दोन, लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. रात्रपाळीत एकटी सिस्टर, अख्खा वॉर्ड तिच्या अंगावर. १०० ची बाटली आणि हाती आली लाल सिरिंज. तिने २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर पेशंटच्या अंगात २० नाही, ५० युनिट जातात. तिने लगेच डॉक्टरांना सांगितलं तर साखर तपासून, ग्लुकोज लावून पेशंट सावरतो. झाकून ठेवलं तर पहाटे बेशुद्ध सापडतो. म्हणून सिस्टर-ब्रदरना कळकळीची विनंती : आधी डॉक्टरांना सांगा, मग केसपेपरवर वेळ घालून लिहा. इन्चार्जच्या बोलण्याची भीती नंतर.

अधीक्षक आणि मेट्रन मंडळींनो, 'कोणी केलं' हे विचारायच्या आधी 'कसं झालं' ते विचारा. दोन्ही सिरिंजा एकाच ट्रेमध्ये का, हे मेमो देऊन कळत नाही. मुद्दाम केलेली किंवा दडवलेली चूक वेगळी, तिथे दयामाया नको.

आणि आपण नातेवाईक? चूक कबूल करणाऱ्याची कॉलर धरली, तर पुढच्या वेळी कोण सांगेल? दवाखान्यात मारहाण-तोडफोड केली तर महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने ३ वर्षांपर्यंत कैद आहे, हेही ध्यानात असू द्या. त्यापेक्षा इंजेक्शन द्यायच्या आधी सरळ विचारा, "सिस्टर, हे कशाचं? किती?" विचारलेलं कोणाला आवडो न आवडो, तो आपला हक्क आहे. घरी चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, डिस्चार्जचा कागद जपून ठेवा. औषधाने त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर पेशंटलाही कळवता येतं. फोन मोफत आहे.