भांडणाचं वेळापत्रक



आज जरा कडू लिहिते. आमच्या गल्लीत दोन घरांचं भांडण आहे. दोन्ही घरं आपलीच, जैनांची. एकीने ओट्यावर नवी फरशी बसवली, ओटा उंच झाला आणि धुण्याचं पाणी शेजारणीच्या दाराशी वळलं. शेजारणीने नालीत दोन विटा घातल्या. याला आता दोन दिवाळ्या झाल्या.

त्या दोघींबद्दल मला बोलायचं नाही. बोलायचं आहे ते बाकीच्या गल्लीबद्दल. गल्लीने काय केलं? सोय केली. पारण्याचं बोलावणं असो की डोहाळेजेवण, एकीला चार वाजता बोलवायचं, दुसरीला सहा वाजता. मंदिरात एक आधी, एक नंतर. आणि याला म्हणायचं समजूतदारपणा! अहो, हे तर भांडणाला रोज जेवू घालणं झालं.

अशा वेळापत्रकाचं पुढे काय होतं, हे आपल्या वाशीम जिल्ह्याने कोणाला विचारायची गरज नाही. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरात दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात १९०५ मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. पाचच वर्षांनी, १९१० मध्ये, दावा अकोल्याच्या कोर्टात गेला. तिथून तो १९२९ मध्ये पार लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागलं ते २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं. बेचाळीस वर्षं देव कुलपात! आणि कुलूप निघाल्यावर त्याच महिन्यात पुन्हा हातघाई. कोण बरोबर, कोण चूक, हे मी सांगत नाही. वेळा वाटल्या, पण मनातली अढी तशीच ठेवली, एवढंच सांगते.

आपल्याकडे क्रोधाच्या चार जाती सांगितल्या आहेत. पाण्यावरची रेघ, वाळूवरची, जमिनीवरची आणि दगडावरची. श्वेतांबर ग्रंथ पहिल्या तिघींची मुदत १५ दिवस, ४ महिने आणि १ वर्ष अशी सांगतात. दिगंबर ग्रंथांत मुदती याहून कमी. पण वर्ष ओलांडलेला राग दोघांच्याही हिशेबात दगडावरचीच रेघ, अनंतानुबंधी. त्या रागापुढे सम्यक्त्व टिकत नाही. मग दोन वर्षं विटा घालून बसलेल्यांनी कंदमुळं सोडली काय आणि पाणी गाळून प्यायलं काय!

मी कॉमर्सची. शिल्लक पुढे ओढणं मला कळतं. पण जे येणं वसूल होणार नाही, ते व्यापारी बुडीत खाती टाकतो आणि नव्या वहीचं पान स्वच्छ ठेवतो. आपली संवत्सरी, आपली क्षमावाणी म्हणजे हीच वर्षअखेर. त्या दिवशी पुण्यापासून दुबईपर्यंत दोनशे जणांना मोबाइलवरून 'मिच्छामि दुक्कडम्' जातं. ज्यांच्याशी कधी भांडलोच नाही, त्यांची क्षमा मागायला काय लागतं? भिंतीपलीकडे मात्र जात नाही.

कोणी म्हणेल, "काकू, मग अन्याय सोसायचा का?" मुळीच नाही. पाण्याचा उतार मिस्त्रीकडून मोजून घ्या. ग्रामपंचायतीत अर्ज द्या. २००७ पासून तंटामुक्त गाव मोहीम आहे, समितीसमोर बसा. हक्क मागायला राग लागत नाही, अर्ज लागतो.

आणि "आम्ही कशाला मध्ये पडू?" म्हणणाऱ्या बायांनो, करणं, करवणं आणि अनुमोदणं, तिन्हींनी कर्म बांधतं हे आपण लहानपणापासून ऐकतो. चार वाजताच्या पाहुणीचं ऐकून सहाच्या पाहुणीपुढे मान डोलावणं हे अनुमोदनच.

माझ्या घरी कार्य असलं की मी दोघींना एकच वेळ सांगते. एकदा दोघीही आल्या नाहीत. एकदा एकच आली. तरी वेळ मी बदललेली नाही. सगळ्या गल्लीने असं केलं, तर कुठे जातील दोघी? बसतील एका सतरंजीवर. आधी गप्प बसतील, मग कोणीतरी वाटी पुढे सरकवेल. या पर्युषणाआधी एवढं करा. वेळापत्रक फाडा.