बहिरेपणाचा वारसा आणि मातेवरील दोष

मांडव्याच्या धक्क्यावरून मुंबई तासाभराच्या अंतरावर आहे. भाऊच्या धक्क्याशी जोडणारी रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून ते अंतर अधिकच सुसह्य झाले. वाक् व श्रवणदोषांसाठी १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही पलीकडे वांद्र्यालाच आहे. परंतु माणसे ज्या वेगाने समुद्र ओलांडतात, त्या वेगाने ज्ञान ओलांडत नाही. न ऐकणारे मूल जन्मास आले की आईने ग्रहण पाळले नसेल, असा निवाडा आपल्या समाजात आजही सहज दिला जातो.

हा निवाडा शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. जन्मजात बहिरेपणापैकी सुमारे निम्मे आनुवंशिक असते आणि त्यातील बहुतेक प्रकार अप्रभावी जनुकांमुळे उद्भवतात. अशा प्रकारांत माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच मूल बहिरे होते. एकाकडूनच आले तर ती व्यक्ती केवळ वाहक राहते व तिला उत्तम ऐकू येते. पिढ्यानपिढ्या ऐकणाऱ्या घराण्यात बहिरे मूल अकस्मात जन्मते, याचे रहस्य हेच. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याच्या बाबतीत ही शक्यता चारात एक असते. जीजेबी-२ या जनुकाचा बहिरेपणाशी असलेला संबंध १९९७ मध्ये उघड झाला. अंतर्कर्णातील पेशींमध्ये पोटॅशियमची ये-जा होऊ देणारे प्रथिन त्यापासून बनते. ते बिघडले की श्रवणाची क्रियाच खुंटते. अर्थात वारशात पित्याचा वाटा मातेइतकाच असतो. दोष मात्र कोणाचाच नसतो.

मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी महाराष्ट्रातील अनेक समाजांत आहे. आतेभाऊ व मामेबहीण यांचे एक आजी-आजोबा समाईक असल्याने एकच सदोष जनुक दोघांत उतरण्याचा संभव वाढतो. हे तरुणांना विवाहापूर्वी समजले पाहिजे. पण जनुकांची चाचणी म्हणजे पत्रिकेतील नवा मंगळ ठरू लागला, तर अंधश्रद्धेचे केवळ नाव बदलेल. वाहक असणे हा रोग नव्हे.

खरी निकड वेळेची आहे. नवजात बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपाययोजना सहाव्यापर्यंत व्हावी, असा जागतिक दंडक आहे. कारण भाषा रुजण्याचा काळ फार लवकर सुरू होतो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. तथापि यादीत नाव असणे आणि प्रसूतिगृहात उपकरण व ते हाताळणारा प्रशिक्षित कर्मचारी असणे, या भिन्न गोष्टी होत. श्रवणयंत्र, अंतर्कर्णातील रोपण किंवा खुणांची भाषा यांपैकी जो मार्ग स्वीकारावा लागेल, तो लवकर स्वीकारला तरच मुलाचे शिक्षण मार्गी लागते.

म्हणून अलिबाग तालुक्यातील प्रत्येक प्रसूतीनंतर ही चाचणी नियमाने व्हावी, बहिरे मूल जन्मलेल्या कुटुंबाला आनुवंशिकतेविषयी शांतपणे सल्ला मिळावा, आणि शाळेतील शिक्षकाने जीवशास्त्राचा हा धडा गावाच्या भाषेत सांगावा. मातेला दोष देण्यात गेलेला प्रत्येक महिना मुलाच्या शब्दसंग्रहातून वजा होत असतो.