एक रुपयाची बोली, दीडशेचे टपाल : ऑनलाइन लिलावातील फुगवलेल्या पाठवणी खर्चाचा प्रश्न

लखनौ : ऑनलाइन लिलावात वस्तूची किंमत बोलीने ठरते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात किमतीचा एक भाग बोलीबाहेर, विक्रेत्याच्या एकतर्फी निर्णयाने ठरतो. हा भाग म्हणजे पाठवणी खर्च. तो वाजवी असेल तर व्यवहारात अडचण येत नाही. मात्र नफाच जेव्हा या रकान्यात लपवला जातो, तेव्हा ग्राहकाची फसगत तर होतेच, शिवाय स्पर्धेतून किंमत ठरवण्याची लिलावाची मूळ कल्पनाही निरर्थक ठरते. भारतात या प्रश्नावर नियम आहेत. परंतु ते दुकानदाराला डोळ्यांसमोर ठेवून केलेले असल्याने लिलावातील विक्रेता त्यांच्या फटीतून अनेकदा निसटतो.

उदाहरणादाखल एक व्यवहार पाहू. लखनौच्या अलीगंज भागातील एखादा टपालतिकीट संग्राहक मुंबईतील विक्रेत्याच्या लिलावात भाग घेतो, असे समजा. आरंभीची बोली एक रुपया आहे. चढाओढ होऊन तिकीट चाळीस रुपयांना त्याच्याकडे येते. त्यानंतर पत्त्याच्या रकान्यात अलीगंजचा २२६०२४ हा पिनकोड भरताच ‘पाठवणी व हाताळणी शुल्क १५० रुपये’ अशी ओळ पडद्यावर उमटते. देयक १९० रुपयांचे होते.

आता प्रत्यक्ष खर्च पाहू. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार पन्नास ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला स्थानिक हद्दीबाहेर देशात कोठेही ४७ रुपये आकार आहे. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर धरला तर ५५ रुपये ४६ पैसे होतात. पाकीट, पुठ्ठा आणि तिकिटाला ओल लागू नये म्हणून घातलेले प्लास्टिकचे आवरण यांचे पंधरा रुपये धरले तरी खर्च सत्तर रुपयांच्या आसपास थांबतो. उरलेले सुमारे ऐंशी रुपये ना टपाल खात्याला मिळाले, ना ते बोलीत दिसले. चाळीस रुपयांना ‘जिंकलेल्या’ तिकिटाची खरी किंमत १२० रुपये होती आणि तिचा दोन तृतीयांश भाग लिलावाला आलाच नव्हता.

विक्रेता असे का करतो?

यामागे तीन हिशेब असतात. पहिला हिशेब लक्ष वेधण्याचा. शोधयादीत वस्तू स्वस्तापासून महागाकडे लावल्या की एक रुपयाची वस्तू सर्वांत वर दिसते. दुसरा हिशेब दलालीचा. संकेतस्थळ केवळ बोलीच्या रकमेवर दलाली आकारत असेल, तर किंमत कमी दाखवून फरक पाठवणी खर्चात वळवणे विक्रेत्याला परवडते. तिसरा हिशेब परताव्याचा. वस्तू परत आल्यास केवळ तिची किंमत परत मिळेल, पाठवणी खर्च मिळणार नाही, अशी अट अनेक विक्रेते घालतात. त्यामुळे पाठवणीच्या रकान्यात ठेवलेला नफा सौदा मोडला तरी सुरक्षित राहतो.

अर्थशास्त्राच्या तर्कानुसार ही युक्ती चालायला नको. दीडशे रुपये वेगळे द्यायचे आहेत हे ठाऊक असलेल्या ग्राहकाने आपली बोली तेवढ्याने कमी करावी आणि एकूण रक्कम तीच राहावी, असे शास्त्र सांगते. माणसे मात्र असे वागत नाहीत. तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन या अर्थशास्त्रज्ञांनी ‘ईबे’ या लिलाव संकेतस्थळावर संगीताच्या सीडी आणि व्हिडिओ गेम विकून याची प्रत्यक्ष चाचणी घेतली. त्यांचा निबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काही लिलावांत आरंभीची बोली चार डॉलर आणि पाठवणी विनामूल्य होती, तर काहींत आरंभीची बोली एक सेंट आणि पाठवणी खर्च ३.९९ डॉलर होता. ग्राहकाने द्यावयाची किमान रक्कम दोन्हीकडे सारखीच असूनही दुसऱ्या प्रकारात विक्रेत्याच्या हाती अधिक पैसे आले. पाठवणी खर्च वस्तूच्या मोलाच्या तुलनेत फारच मोठा झाला तेव्हा सीडींच्या बाबतीत हा परिणाम दिसेनासा झाला. याचा अर्थ असा की ग्राहक आंधळा नसतो, पण मध्यम आकाराची वाढ त्याच्या नजरेतून सुटते. फुगवटा नेमका त्याच मर्यादेत ठेवला जातो.

यातील दलालीच्या हिशेबावर ‘ईबे’ने पुढे स्वतःच उपाय शोधला. २०११ मध्ये अमेरिकेतील विक्रेत्यांकडून पाठवणी खर्चासह एकूण रकमेवर दलाली घेण्यास तिने सुरुवात केली. रक्कम कोणत्याही रकान्यात टाकली तरी दलाली तेवढीच बसणार असल्याने ती लपवण्याचे एक प्रमुख कारण संपले. विक्रेत्यांना उपदेश करण्यापेक्षा शुल्करचनेतील एक बदल अधिक परिणामकारक ठरू शकतो, हा या अनुभवाचा धडा आहे.

भारतातील वाटचाल

भारतात ऑनलाइन लिलावाची ओळख प्रामुख्याने मुंबईतून झाली. २००० साली सुरू झालेले ‘बाझी डॉट कॉम’ हे संकेतस्थळ २००४ मध्ये ‘ईबे’ने सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतले. २०१७ मध्ये ‘ईबे’चा भारतातील व्यवसाय फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ते भारतीय संकेतस्थळ बंद झाले. लिलाव मात्र बंद झाले नाहीत. नाणी, टपालतिकिटे, जुनी पुस्तके, घड्याळे आणि कॅमेरे यांचे सौदे विशेष संकेतस्थळांवर आणि समाजमाध्यमांवरील गटांत होत राहिले. तेथे छायाचित्राखाली आरंभीची बोली लिहिलेली असते आणि शेवटी ‘शिपिंग एक्स्ट्रा’ एवढेच दोन शब्द असतात. किती, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या वजनावर, याचा उल्लेख बोली संपेपर्यंत होत नाही.

नियम काय सांगतात?

कागदावर भारतीय ग्राहकाची बाजू दुबळी नाही. २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झालेल्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार विक्रेत्याने वस्तूची एकूण किंमत एकाच आकड्यात दाखवली पाहिजे. त्यासोबत घरपोच सेवा, टपाल, हाताळणी, वाहतूक आणि कर यांचा तपशीलही दिला पाहिजे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या मांडणीच्या क्लृप्त्या रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांतील तेरा प्रकारांमध्ये ‘ड्रिप प्रायसिंग’चा समावेश आहे. किमतीचे घटक सुरुवातीला न सांगणे किंवा ते थेंबाथेंबाने उघड करणे, असा त्याचा आशय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहारमंत्री प्रल्हाद जोशी यांनी, वस्तू हाती आल्यावर पैसे देण्याच्या सोयीसाठी वेगळे शुल्क आकारण्याच्या तक्रारींची चौकशी सुरू असल्याचे सांगितले. वरकड शुल्काच्या प्रश्नाकडे शासनाचे लक्ष आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

तथापि, लिलावाच्या व्यवहाराला हे नियम लावू गेल्यास तीन अडचणी समोर येतात.

पहिली अडचण विक्रेत्याच्या व्याख्येची आहे. ई-कॉमर्स नियम वैयक्तिक नात्याने, नियमित व्यवसायाचा भाग नसलेला व्यवहार करणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाहीत. आजोबांच्या संग्रहातील दोन नाणी विकणाऱ्या कुटुंबाला ही सवलत मिळावी, हे योग्यच. परंतु दर आठवड्याला शंभर वस्तू लिलावात मांडणारा विक्रेताही स्वतःला ‘हौशी’ म्हणवतो. हौस कोठे संपते आणि धंदा कोठे सुरू होतो, याची आकड्यांतील रेषा नियमांत आखलेली नाही.

दुसरी अडचण संकेतस्थळाच्या जबाबदारीची आहे. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये त्रयस्थ विक्रेत्याने केलेल्या किमतीतील बदलापुरती बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीला सूट दिलेली आहे. लिलावात पाठवणी खर्च बहुधा विक्रेताच ठरवतो. त्यामुळे संकेतस्थळ विक्रेत्याकडे बोट दाखवते आणि विक्रेता आपण हौशी असल्याचे सांगतो. तक्रारदार मध्येच अडकतो.

तिसरी अडचण वेळेची आहे. दुकानातील व्यवहारात पैसे भरण्यापूर्वी अखेरचा आकडा दिसला तर ग्राहक माघार घेऊ शकतो. लिलावात बांधिलकी बोली जिंकतानाच निर्माण होते. वस्तुविक्री कायदा, १९३० मधील कलम ६४ नुसार लिलावातील विक्री हातोडा पडताच पूर्ण होते. तो आकडा नंतर दिसून काय उपयोग? माघार घेतली तर बोली मोडणारा म्हणून नाव खराब होते आणि पुढील लिलावांचे दरवाजे बंद होतात. म्हणूनच ‘पैसे भरण्यापूर्वी खर्च दाखवला’ हा बचाव लिलावाच्या बाबतीत अपुरा मानला पाहिजे.

याच कायद्यातील कलम ३६ ग्राहकाच्या उपयोगाचे आहे. वेगळा करार नसेल तर वस्तू ताब्यात देण्यायोग्य स्थितीत आणण्याचा खर्च विक्रेत्याने सोसावा, असे ते सांगते. पाकीटबंद करण्याच्या श्रमांसाठी ‘हाताळणी’च्या नावाने मोठी रक्कम मागणाऱ्याला या तरतुदीच्या आधारे जाब विचारता येईल. अर्थात, आधीच मान्य केलेल्या अटींत ते शुल्क नमूद असेल, तर हा आधार दुबळा होतो.

विक्रेत्याची बाजू

प्रत्येक मोठा पाठवणी खर्च लबाडीचा असतो, असे मानणे अन्यायाचे होईल. लखनौच्या चिकनकारीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तर प्रदेश शासनाच्या जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेतही ती समाविष्ट आहे. चिकनचा कुर्ता वजनाने तीन-चारशे ग्रॅम भरतो. तो चुरगळू नये म्हणून ४० बाय ३० बाय १० सेंटीमीटरच्या खोक्यात घातला, तर कुरिअर कंपन्या वापरत असलेल्या आकारमानाच्या सूत्राने, म्हणजे लांबी, रुंदी व उंचीच्या गुणाकाराला पाच हजारांनी भागून, त्याचे वजन २.४ किलो धरले जाते. कारागिराकडून माल घेऊन विकणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला हा आकार खरोखरच भरावा लागतो. मोठ्या कंपन्यांना मिळणारे ठोक दर त्याला मिळत नाहीत. ‘पाठवणी विनामूल्य’ अशी जाहिरात करणाऱ्या मोठ्या कंपन्याही तो खर्च किमतीत मिसळूनच वसूल करतात.

म्हणून पाठवणी खर्चावर सरसकट कमाल मर्यादा घालणे हा उपाय नव्हे. तिचा फटका प्रामाणिक छोट्या विक्रेत्याला बसेल आणि लबाड विक्रेता दुसरे नाव शोधेल. आक्षेप खर्चाला नसून लपवण्याला आहे. प्रामाणिक विक्रेत्याचेही यात नुकसान होते. जो खरा खर्च लिहितो आणि वाजवी आरंभीची बोली ठेवतो, त्याची वस्तू एक रुपयाच्या यादीखाली दबून जाते.

काय करता येईल?

ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार अनिवार्य शुल्के सुरुवातीच्या किमतीतच दाखवावी लागतात. शुल्क आधी सांगणे शक्य नसेल तर ते कसे मोजले जाणार, हे तितक्याच ठळकपणे सांगावे लागते. भारतीय लिलावांसाठी हे तत्त्व स्वीकारण्याजोगे आहे. बोली लावण्यापूर्वीच ग्राहकाचा पिनकोड विचारावा आणि प्रत्येक बोलीसमोर पाठवणीसह एकूण रक्कम दाखवावी. शोधयादी एकूण रकमेनुसार लावावी. दलालीही एकूण रकमेवर आकारावी. यांपैकी एकाही गोष्टीला नवे तंत्रज्ञान लागत नाही. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात रूढ आहे. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ती आखली होती. पत्र अचूक पोहोचावे यासाठी तयार झालेले ते सहा अंक किंमतही अचूक सांगू शकतात. प्रश्न फक्त ते बोलीनंतर विचारायचे की आधी, एवढाच आहे.

तोपर्यंत ग्राहकाच्या हाती काही साधने आहेत. बोली लावण्यापूर्वी पाठवणीचा मार्ग, वजन आणि रक्कम लेखी विचारावी. उत्तर टाळले गेले तर बोलीही टाळावी. पार्सल हाती आल्यावर त्यावरील टपाल आकाराचे छायाचित्र घेऊन ठेवावे, कारण प्रत्यक्ष खर्चाचा तो उत्तम पुरावा असतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ती ऑनलाइन दाखल करता येते. अलीगंजच्या ग्राहकाला मुंबईच्या विक्रेत्याविरुद्ध मुंबई गाठावी लागत नाही, तसेच लखनौच्या विक्रेत्याविरुद्ध नागपूरकराला लखनौला जावे लागत नाही.

तरीही ऐंशी रुपयांसाठी आयोगापर्यंत कोण जाणार, हा प्रश्न उरतोच. फुगवलेल्या पाठवणी खर्चाचा सारा व्यवहार याच प्रश्नाच्या उत्तरावर उभा आहे. एकेका ग्राहकाचे नुकसान त्याने भांडावे इतके मोठे नसते, आणि सर्वांचे मिळून ते किती होते हे कोणी मोजत नाही. एकट्या ग्राहकाने न लढलेली अशी प्रकरणे हाती घेण्यासाठीच २०१९ च्या कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण निर्माण केले. हौशी आणि व्यावसायिक विक्रेता यांतील रेषा स्पष्ट करणे आणि एकूण रक्कम बोलीआधी दाखवणे बंधनकारक करणे, ही दोन पावले त्याच्या आवाक्यातील आहेत. ती पडेपर्यंत अलीगंजमधल्या त्या संग्राहकाला आपल्या तिकिटाची खरी किंमत हातोडा पडल्यानंतरच कळत राहील.