दात्यांच्या यादीत आपण कोठे आहोत ?

रक्ताचा दुर्धर रोग घरात शिरला म्हणजे कुटुंबाची काय अवस्था होते, हे विदर्भातील आपल्या बांधवांना सांगावयास नको. सिकलसेल या आनुवंशिक रोगाने तेथील पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य समाजात आणि आदिवासींत पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडले आहे. मूल सांधे ठणकतात म्हणून रात्ररात्र कण्हते, आई त्याला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या झिजविते, आणि एके दिवशी डॉक्टर सांगतात, की अशा काही रोग्यांना अस्थिमज्जेच्या प्रतिरोपणाने कायमचे बरे करता येते. मात्र जुळणारा दाता पाहिजे. थॅलेसेमिया आणि रक्ताचा कर्करोग यांतही कित्येक रोग्यांचे आयुष्य याच एका अटीवर अडलेले असते. हा दाता आणावयाचा कोठून, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अस्थिमज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ गर. शरीरातील रक्त तेथे तयार होते. रोग्याची बिघडलेली मज्जा तीव्र औषधांनी नष्ट करून दात्याच्या मूलपेशी, रक्त चढवितात त्याप्रमाणे, शिरेतून दिल्या जातात. भारतात हे प्रतिरोपण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली प्रथम झाले. परंतु कोणाचीही मज्जा कोणालाही चालत नाही. पेशींवर ‘एच.एल.ए.’ नावाच्या खुणा असतात. फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ दोसे यांनी त्यांपैकी पहिली खूण १९५८ साली वर्णिली आणि १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या खुणा जुळल्या नाहीत तर रोग्याचे शरीर परकी मज्जा नाकारते, किंवा परकी मज्जाच रोग्याच्या शरीरावर उलटते.

या खुणांचा अर्धा संच आईकडून व अर्धा बापाकडून येतो. म्हणून सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. दोन भावंडे असली तरी निदान एक जुळण्याची शक्यता निम्म्याहून कमीच. आईबाप सामान्यतः अर्धेच जुळतात. अर्ध्या जुळणीवरही आता प्रतिरोपण होते, तरी पूर्ण जुळणाऱ्या दात्याचे महत्त्व त्यामुळे संपलेले नाही. घरात दाता नसला तर परक्याकडे जावे लागते, आणि त्यासाठी देशोदेशी दात्यांच्या नोंदवह्या ठेविल्या आहेत. जगातील अशा नोंदवह्यांत आज चार कोटींहून अधिक लोकांची नावे आहेत. १४० कोटींच्या आपल्या देशातील नावे मात्र काही लाखांपलीकडे नाहीत.

नोंदवहीत कोणाची नावे आहेत, यावर कोण जगणार हे ठरते. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की युरोपीय वंशाच्या गोऱ्या रोग्यास पूर्ण जुळणारा दाता त्या देशाच्या नोंदवहीत सापडण्याची शक्यता शेकडा ७५ होती. दक्षिण व मध्य अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीय रोग्यास ती शेकडा १६ होती. त्यांच्या खुणांत विविधता अधिक आणि यादीत त्यांची माणसे थोडी, म्हणून ही तफावत. कोणी द्वेष न करताही मनुष्य यादीबाहेर राहून मरू शकतो, हा यातील धडा आहे.

आता हाच धडा आपल्या देशाला लावून पाहा. पोटजातीत विवाहाचे बंधन हाच जातिसंस्थेचा प्राण आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील आपल्या निबंधात दाखवून दिले. जवळजवळ एका शतकानंतर, २०१३ साली, हैदराबादच्या व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी जनुके तपासून सांगितले, की भारतातील निरनिराळे समूह पूर्वी एकमेकांत मिसळत होते आणि सुमारे १९०० वर्षांपूर्वीपासून ते मिसळणे बहुतेक थांबले. इतकी शतके ज्यांचे विवाह एका कुंपणात झाले, त्यांच्या पेशींच्या खुणाही त्या कुंपणात साठून राहिल्या. म्हणून आपल्या घरच्या रोग्यास जुळणारा दाता आपल्या लोकांतच मिळण्याचा संभव अधिक. आणि आपले लोक तर यादीत नाहीत!

यावर एखादा सनातनी म्हणेल, की पाहा, जात रक्तात असते हे सिद्ध झाले. वाचकहो, या भूलथापेस बळी पडू नका. तुरुंगात जन्म काढलेल्याच्या पायावर बेडीचे वळ असतात; त्यावरून तो बेडीसह जन्मला असे ठरत नाही. उलट, रक्ताच्या शुद्धतेचे थोतांड या उपचाराने पार उघडे पाडले आहे. दात्याचा व रोग्याचा रक्तगट निराळा असला तरी प्रतिरोपण करता येते, आणि ते यशस्वी झाले म्हणजे रोग्याच्या अंगात दात्याच्याच गटाचे रक्त तयार होऊ लागते. उद्या एखाद्या ब्राह्मणाच्या नसांत पूर्वाश्रमीच्या महाराचे रक्त जन्मभर वाहील. मग त्याची जात कोणती म्हणावी? मिश्र विवाहाच्या संततीस जुळणारा दाता मिळणे कधी कधी अधिक कठीण जाते, हेही आम्ही लपवीत नाही. परंतु त्यावरचा उपाय विवाह रोखणे हा नव्हे, यादी मोठी करणे हा आहे.

नाव नोंदविणे सोपे आहे. १८ ते ५० वयाच्या निरोगी स्त्री-पुरुषाने संमतिपत्र भरून गालाच्या आतल्या बाजूचा नमुना कापसाच्या काडीवर द्यावयाचा, इतकेच. पुढे कधी रोगी जुळलाच, तर बहुधा काही दिवस इंजेक्शने घेऊन यंत्राच्या साहाय्याने रक्तातूनच मूलपेशी काढतात. क्वचित भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात. दिलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत भरून काढते. यामुळे मुलगी अशक्त होते, तिचे लग्न जमत नाही, ही समजूत खोटी आहे.

परंतु वकील या नात्याने एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. मज्जा देण्याची सक्ती दात्यावर कोणीही करू शकत नाही. सही केल्यानंतरही नकार देण्यास तो मोकळा आहे. मात्र औषधांनी रोग्याची मज्जा नष्ट केल्यावर दाता फिरला, तर त्या रोग्याच्या जिवावर बेतते. म्हणून सभेच्या उत्साहात सही करू नका. घरी आईवडिलांशी, पत्नीशी, पतीशी बोला, शंका विचारा, मग सही करा, आणि केलेली सही पाळा.

हक्काचीही एक गोष्ट सांगावयाची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात सिकलसेल व थॅलेसेमिया यांचा समावेश झाला आहे. दिव्यांगत्व शेकडा ४० वा अधिक असल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यास ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा, आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत निदान शेकडा ५ राखीव जागांचा लाभ कायद्याने दिलेला आहे. ही मेहेरबानी नव्हे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. नाकारल्यास कारण लेखी मागा.

अतिसाराने ग्रासलेला एक भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडला होता. सोबत्यांपैकी कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतःच्या हातांनी स्नान घातले, आणि संघाला जाणीव दिली, की घरदार सोडून आलेल्या तुम्हांस येथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे. आपणही एक जुने घर सोडून आलो आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जी दीक्षा दिली गेली, तिने आपल्याला नवे नाव दिले, तसे नवे नातेही दिले. त्या नात्याची परीक्षा वंदनेच्या वेळी होत नाही. कोणाचे मूल खाटेवर असते तेव्हा होते.

म्हणून आमची प्रत्येक विहार समितीस विनंती आहे, की येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी व १४ एप्रिल रोजी नोंदणी करणाऱ्या संस्थेस बोलवावे, माहिती देणाऱ्या डॉक्टरांस बोलवावे, आणि विवाह ठरविताना पत्रिकेऐवजी सिकलसेलच्या तपासणीचा कागद पाहण्याची रीत पाडावी. बाबासाहेबांनी आपली नावे मतदारांच्या यादीत आणली. दात्यांच्या यादीत ती घालणे आपल्या हाती आहे.