इतिहासाचा गृहपाठ आणि घरातला कागद

बोर्डाच्या परीक्षेला जेमतेम तीन आठवडे उरले असता, एका संध्याकाळी आमच्या शेजारची दहावीतली मुलगी इतिहासाची वही घेऊन आली, ती माझ्या हाती दिली आणि ‘आजोबा, पाठ झालंय का ते बघा’ असे सांगून डोळे मिटून म्हणू लागली. वहीत स्वाध्यायाची तीच प्रश्नोत्तरे तीनदा उतरून काढलेली होती. ज्या प्रश्नापुढे तांबड्या शाईने मार्च-जुलैच्या खुणा होत्या तो प्रश्न पूर्वी परीक्षेत येऊन गेला, असे समजायचे, आणि ज्याला दोन खुणा तो आधी करायचा. हिरोडोटस, देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको अशी युरोपातील अडीच हजार वर्षांची विद्वत्परंपरा तिने एकाही ठिकाणी न अडखळता पुरी केली. एखादी गोष्ट सत्य असल्याची खात्री पटेपर्यंत तिचा स्वीकार करू नये, हा देकार्तचा दंडक सांगून झाल्यावर मी तिला थांबविले आणि विचारले, ‘बाळ, व्हॉल्टेअरला आधुनिक इतिहासलेखनाचा जनक म्हणायचे, हे तुला पटले का?’ ती क्षणभर बावरली आणि म्हणाली, ‘आजोबा, असं नाही येत पेपरला. जनक कोण, एवढंच येतं.’

तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि म्हणूनच ते ऐकून मी अस्वस्थ झालो. ज्या विद्येचा आरंभच मुळी प्रश्न विचारण्यापासून झाला, जिला हिरोडोटसने दिलेल्या नावाचा मूळ अर्थच शोध किंवा चौकशी असा आहे, ती विद्या पंधरा वर्षांच्या बुद्धिमान मुलीच्या हाती जाते तेव्हा तिच्यातून नेमकी चौकशी तेवढी गळून पडलेली असते.

दोष पाठ्यपुस्तकाचा नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. २०१८ साली दहावीसाठी आलेले इतिहासाचे पुस्तक राजांच्या वंशावळी आणि लढायांच्या सनावळ्या बाजूला ठेवून इतिहास लिहितात कसा, साधने कोणती, त्यांची पारख कशी करावी, येथूनच प्रारंभ करते. पुढे कला, प्रसारमाध्यमे, खेळ, पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे विषय येतात. आमच्या पिढीला असले पुस्तक लाभले असते तर आम्ही स्वतःला भाग्यवान मानले असते. परंतु पुस्तक कितीही डोळस असले, तरी ते विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते ते गाइड, ‘अपेक्षित’ आणि शिकवणीची झेरॉक्स या तीन चाळण्यांतून, आणि ह्या चाळण्यांची छिद्रे परीक्षेच्या मापाने पाडलेली असतात.

त्या परीक्षेतील इतिहासाचे स्थानही ध्यानात घेतले पाहिजे. इतिहास-राज्यशास्त्राची ४० गुणांची लेखी परीक्षा, भूगोलाची तितकीच, आणि अंतर्गत मूल्यमापनाचे २०, अशी सामाजिक शास्त्रांची शंभरी भरते. त्यात सहा विषयांपैकी सर्वोत्तम पाचांचेच गुण धरण्याचा शिरस्ता असल्यामुळे, ज्याला गणित-विज्ञान-भाषांत भरघोस गुण मिळतात त्याचा सामाजिक शास्त्रे हा विषय एकूण बेरजेतून सरळ वगळला जाऊ शकतो. लातूर आणि नांदेड या दोन शहरांत, जिथे मुखेड-देगलूर, अहमदपूर-निलंगा अशा तालुक्यांतून आलेली मुले दोन खोल्यांत चौघे राहून पुढच्या ‘नीट’कडे डोळे लावून बसलेली असतात, तिथे वगळता येण्याजोग्या विषयाला किती तास मिळणार, हे सांगायला नको.

ज्याला ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात त्याची निंदा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पुण्या-मुंबईच्या मुलांनी गुणवत्ता याद्या व्यापून टाकाव्यात आणि मराठवाड्याने त्या वर्तमानपत्रांत नुसत्या वाचाव्यात, ही स्थिती ज्या शिक्षकांनी पहाटेचे जादा तास घेऊन आणि सराव-परीक्षांमागून सराव-परीक्षा तपासून पालटून टाकली, त्यांचे ऋण हा प्रदेश विसरू शकत नाही. शेतमजुराचा मुलगा डॉक्टर होऊन गावी येतो, ही लहान गोष्ट नव्हे. तथापि जी रीत भौतिकशास्त्राच्या उदाहरणाला लागू पडते तीच जशीच्या तशी इतिहासाला लावली, म्हणजे घोटाळा होतो. गणित दहादा सोडविले की दर खेपेस बुद्धीला काही करावे लागते; ‘रांके यांचे इतिहासलेखनातील योगदान’ ही टीप दहादा उतरून काढली की फक्त हात दुखतो. आणि ह्याच लातुरात राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळणारे जनार्दन वाघमारे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयाचा नि संस्कृतीचा अभ्यास मराठीत आणीत होते, याचे स्मरण ठेवले तर या मातीला जगाच्या इतिहासाचे वावडे होते, असे कोणी म्हणणार नाही.

रांके यांनी काय सांगितले? मूळ कागदपत्रांपर्यंत जा, दप्तरखाने धुंडाळा, ऐकीव हकिकतींवर विसंबू नका. आता मराठवाड्याच्या कोणत्याही गावात जाऊन पाहावे. २०२३ पासून मराठा आरक्षणाच्या निमित्ताने कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन दप्तरे बाहेर निघाली. तहसील कचेऱ्यांत उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. घरोघरी पत्र्याच्या ट्रंका उघडल्या गेल्या, आणि खासरा पत्रके, शाळा सोडल्याचे दाखले, पावत्या, आजोबांच्या नावचे पिवळे पडलेले कागद ओसरीवर पसरले गेले. अस्सल कोणता, नक्कल कोणती, ह्या कागदातला ‘मारुती’ आणि त्या कागदातला ‘मारोती’ एकच की दोन, असे वाद वडीलधाऱ्यांत रंगले. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो. साधनचिकित्सेचा एवढा मोठा वर्ग या प्रदेशात पूर्वी कधी भरला नसेल. आणि नेमक्या त्याच ओसरीच्या कोपऱ्यात दहावीचे पोर, कागदांकडे पाठ करून, ‘मूळ दस्तऐवजांचे महत्त्व’ ह्या तीन गुणांच्या उत्तराची घोकंपट्टी करीत बसलेले होते. त्याला कोणी हाक मारून म्हटले नाही की बाबा रे, तुझा रांके इथे आहे, ये आणि वाच.

हे म्हणावयाचे काम गृहपाठाचे आहे. माझ्या मते इतिहासाचा गृहपाठ म्हणजे पुस्तकातील उत्तर वहीत नेण्याची मजुरी नव्हे; वर्षातून निदान दोनदा तरी मुलाने घरातले किंवा गावातले एक साधन शोधून त्याच्याविषयी चार प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत लिहिली पाहिजेत: हे कोणी लिहिले, केव्हा, कशासाठी, आणि यावर किती विश्वास ठेवावा. कागद उर्दूत असेल तर शेजारच्या मोहल्ल्यातील चाचांकडे जावे लागेल, मोडीत असेल तर कोणा म्हाताऱ्याचा शोध घ्यावा लागेल, आणि त्या शोधातच त्याला कळेल की त्याच्या पणजोबांच्या काळी या मुलखात शाळेची भाषाच उर्दू होती. १९१८ साली हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेथील दारुल तर्जुमा या भाषांतर विभागाने जगाच्या इतिहासाचे ग्रंथ उर्दूत आणले, आणि कित्येक मराठी मुलांनी ग्रीस-रोमची ओळख परक्या लिपीतून करून घेतली. तीच भाषा शिकून निलंग्याला जन्मलेले सेतुमाधवराव पगडी पुढे फारसी अखबारांत शिरले आणि मोगल दरबाराची बातमीपत्रे मराठी वाचकांच्या हाती ठेवते झाले. लातूर जिल्ह्यातील किती शाळांत हे नाव इतिहासाच्या तासाला उच्चारले जाते?

जगाचा इतिहास दूर कोठे तरी घडतो आणि आपण त्याची फक्त नावे पाठ करावयाची, ही समजूत आमच्या मुलांच्या मनात घर करून बसली आहे. वस्तुतः दर वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती प्रभातफेरीत घोषणा देतात; परंतु त्याच्या आदल्या दिवशी, १६ सप्टेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद पॅरिसमध्ये हैदराबादचा प्रश्न घेऊन बसली होती, हे त्यांना कोणी सांगत नाही. १३ तारखेला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, निजामाचे प्रतिनिधी पॅरिसला दाद मागत राहिले, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे ज्या आठवड्यात उमरी-किनवटच्या माणसांचे भवितव्य ठरत होते, त्याच आठवड्यात त्यांच्या नावाची मिसल फ्रान्सच्या राजधानीत उघडलेली होती. याच निजामाच्या दोन मुलांचे विवाह १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे झाले. थोरल्याची वधू उस्मानी तुर्कांच्या अखेरच्या खलिफाची कन्या, तर धाकट्याची त्याच राजघराण्यातली. १९२४ मध्ये अंकारात खिलाफत बरखास्त झाली नसती तर हे संबंध जुळलेच नसते. पहिल्या महायुद्धाचा धडा वाचताना आमच्या मुलाला हेही सांगता येईल की निजामाने दिलेल्या पैशातून सज्ज झालेल्या ब्रिटिश विमानदलाच्या ११० व्या तुकडीला ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले. आणि निजामाचा तो खजिना भरणाऱ्या रयतेत नांदेड-लातूरचे कास्तकारही होते.

आणखी मागे जावयाचे तर लातूर विभागीय मंडळाच्याच कक्षेतील धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात तगर या नावाने त्याचा उल्लेख येतो. तेथील कापड पैठणच्या मालाबरोबर भडोच बंदरास जाई. तेरला हस्तिदंताची एक स्त्री-प्रतिमा सापडली, आणि इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात मिळालेल्या भारतीय प्रतिमेशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. लातूरहून सकाळी निघून तेरचे संग्रहालय पाहून दिवेलागणीला घरी परतता येते. ‘ऐतिहासिक ठेव्यांचे जतन’ ह्या धड्यावरची सहा उत्तरे लिहिण्यात जेवढा वेळ जातो, त्याहून हा वेळ फार अधिक नाही.

घरातला कागद शोधण्याच्या ह्या गृहपाठावर एक आक्षेप मला स्वतःलाच फार दिवस टोचत होता. ज्यांच्या घरी ट्रंकच नाही, त्यांनी काय करावे? भूमिहीनाच्या, ऊसतोड करणाऱ्याच्या, पालावर राहणाऱ्याच्या मुलाला ‘घरातला जुना कागद आण’ असे सांगणे म्हणजे वर्गात त्याची मान खाली घालावयास लावणे होय. पण पाठ्यपुस्तकाच्या पहिल्याच धड्यात सिमॉन-द-बोव्हा आहे, स्त्रियांच्या बाजूने इतिहास लिहिण्याची मांडणी आहे. ज्यांची नोंद कोणत्याच दप्तरात झाली नाही अशांचा इतिहास कसा लिहावा, हाच तर विसाव्या शतकातील इतिहासकारांपुढचा मोठा प्रश्न होता. ज्याच्या घरी कागद नाही त्याने आजीला विचारावे: १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कुठे गेलीस, मजुरी काय मिळे, सुकडी कशी लागे; १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीकडची जमीन हलली तेव्हा तू कुठे होतीस. आणि कागद का नाही, याचे उत्तर त्या मुलाने शोधून लिहिले तर तो वर्गातील सर्वांत मोलाचा गृहपाठ ठरेल.

शिक्षकांवर सारा भार टाकून मोकळे होणे मला मान्य नाही. साठ-साठ मुलांचे वर्ग, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, दर आठवड्याला भरावयाची माहिती यांतून इतिहासाच्या शिक्षकाला उसंत मिळत नाही, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणून मागणी मंडळाकडे केली पाहिजे. अंतर्गत मूल्यमापनाचे जे २० गुण शाळांच्या हाती आहेत, आणि जे आज बहुतेक ठिकाणी सरसकट वाटले जातात, त्यांतील काही गुण अशा साधनशोधासाठी राखून ठेवावेत. लेखी परीक्षेत पुस्तकाबाहेरचा, पूर्वी न पाहिलेला एखादा छोटा दस्तऐवज किंवा चित्र देऊन त्याची पारख करण्यास सांगणारा एक प्रश्न अवश्य असावा, कारण जे परीक्षेत येते तेच शिकविले जाते, हा आमचा अनुभव पालटणे सोपे नाही. परीक्षा पालटणे त्या मानाने सोपे आहे. २०१० च्या सुमारास नांदेड जिल्ह्याने कॉपीमुक्त परीक्षेचा आग्रह धरला, तेव्हाही हे होणे नाही असेच पुष्कळांनी म्हटले होते. उत्तर दुसऱ्याच्या चिठ्ठीतून उतरविणे त्या वेळी बंद झाले. आता ते गाइडातून उतरविणे बंद करण्याची पाळी आहे. ज्या नांदेडात विचारवंत कुरुंदकर गुरुजींनी पुराव्यावाचून बोलू नये हा संस्कार दोन पिढ्यांवर केला, त्या गावाने यात पुढाकार घ्यावा, अशी माझी विनंती आहे.

मंडळाचा निर्णय होईल तेव्हा होवो. तोवर लातूर-नांदेडच्या पालकांनी एक करावे: येत्या रविवारी माळ्यावरची ट्रंक खाली काढावी, दहावीतल्या मुलाला किंवा मुलीला शिकवणीतून दोन तास मोकळे करून शेजारी बसवावे, आणि एक कागद त्याच्या किंवा तिच्या हाती देऊन ‘हा कशाचा आहे, ते तू सांग’ असे म्हणावे.