तू बोल, मी ऐकतोय

मराठी घरात इतक्या सराईतपणे दुसरं कुठलंच खोटं बोललं जात नाही. मान खाली, अंगठा वर-खाली आणि तोंडाने "तू बोल, मी ऐकतोय". बायको सांगते, आईचा रिपोर्ट वाईट आलाय. साहेब म्हणतात, "अरे वा!"

टोकलं की प्रवचन सुरू. मल्टिटास्किंग म्हणे! आम्ही अष्टावधानी म्हणे! अहो, अष्टावधानी कोणाला म्हणतात ते तरी ठाऊक आहे? भर सभेत आठ पृच्छकांचे प्रश्न झेलणारा, मध्येच अडवलं तरी प्रत्येकाचा धागा स्मरणात ठेवणारा आणि शेवटी एकूण एक धागा बिनचूक जुळवणारा विद्वान. तुमच्यापाशी आठ खिडक्या उघड्या आहेत. अवधान एकाही खिडकीत नाही. विचार लागणारी दोन कामं मेंदू एकदम करत नाही. तो याच्यावरून त्याच्यावर उड्या मारतो आणि दर उडीला काहीतरी सांडतो. तुमच्या घरात रोज सांडतं ते समोर बसलेलं माणूस.

या उड्या मारायला लावणारं यंत्र मुद्दाम तसं घडवलेलं आहे. एझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने २००६ साली वेबपानाचा शेवटच काढून टाकला. बोट सरकवत राहा, मजकूर येतच राहील. पुढे त्यानेच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पुढे काय येईल याचा नेम नाही, म्हणून बोट थांबत नाही. दाणा कधी पडेल याचा नेम नव्हता, म्हणून तर मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातली कबुतरं चोच मारत राहायची. त्यांना दाणा तरी मिळे. तुम्हाला काय मिळतं? कुणा अनोळखी गृहस्थाचा पावभाजी खातानाचा व्हिडिओ!

आणि पोरांच्या नावाने बोटं मोडणारे ज्येष्ठ? 'आजची पिढी मोबाइलमध्ये बुडाली' हा संदेश मला एका आजोबांनी व्हॉट्सअॅपवर पाठवला. सकाळी सहाला. सुट्टीला आलेला नातू शेजारी बसलेला असताना.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावाने हे ढोंग केलं नाही. २०२२ साली गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, माणसांनी माणसांशी बोलायचं. एकेकट्याने जमत नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून करू, एवढा सरळ विचार. माझ्या ओळखीचे एक उच्चविद्याविभूषित यावर नाक मुरडून म्हणाले, "भोंगा कशाला? स्वयंशिस्त हवी." हे म्हणताना त्यांनी दोनदा फोन उलटा करून पाहिला.

परवा एका घरी समाचाराला गेलो होतो. काकू नवऱ्याची शेवटची रात्र सांगत होत्या. समोर चौघे जण, माना खाली. दुःखानेच, असं त्यांना वाटलं असावं. तेवढ्यात एकाच्या मांडीवरून कसलंसं उडतं गाणं वाजलं. काकू थांबल्या.

"बोला ना काकू," त्याने घाईने आवाज बंद केला, "मी ऐकतोय."

त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि पाण्याचे रिकामे पेले गोळा करायला घेतले.