गर्दुल्ल्याचा पासपोर्ट

अँथनी बोर्डेन नावाचा एक गोरा होता. न्यूयॉर्कचा. कॉलेज अर्धवट सोडलेला, हॉटेलात खरकटी भांडी घासलेला, हेरॉइनच्या पार आहारी गेलेला. आपल्याकडं असता तर गर्दुल्ला म्हणून पोलिसानं लाथ घातली असती. २००० साली त्यानं हॉटेलच्या भटारखान्यातल्या भानगडींवर पुस्तक लिहिलं, ते धो धो खपलं. २००२ पासून २०१८ला स्वतः जीव देईस्तोवर तो टीव्हीसाठी जगभर खात हिंडला. आता सांगतात, बिघडलेला पोरगा जिद्दीवर वर आला.

जिद्द कुणाची काढता राव! ऐंशीच्या दशकात तो तिकडं हेरॉइन घेत होता, तेव्हाच इकडं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ब्राऊन शुगर शिरली. आपली किती पोरं पुलाखाली संपली! त्यांच्यात जिद्द नव्हती? बोर्डेनची आई न्यूयॉर्क टाइम्समध्ये संपादनाचं काम करायची. १९९९ साली ज्या लेखानं त्याचं नशीब उघडलं, तो तिच्याच ओळखीतून न्यूयॉर्करच्या संपादकाच्या घरी पोचला. वशिला हो, दुसरं काय. लेख फक्कड होता, ते कबूल. पण आमच्या गल्लीतला पोरगा मेला तेव्हा पंचनाम्यात 'बेवारस' लागलं. त्याची आई नाक्यावर भाजी विकत बसली होती. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तरी ह्या माणसावर माझा जीव आहे. का? खरकट्यात घातलेले हात त्यानं लपवले नाहीत, उलट मिरवले. आपल्याकडं उष्टंखरकटं जातीनं वाटून दिलेलं. ते काढणारा शेफ झालेला मी तरी पाहिला नाही. आणि न्यूयॉर्कच्या भारी फ्रेंच हॉटेलांत रांधतो तो फ्रेंच नव्हे, मेक्सिकोचा नि इक्वेडोरचा मजूर, हे तो तोंडावर सांगायचा. टोळीनं उचललेल्या मालावर मुकादमाचं नाव लागतं, हे आम्हा गोदीवाल्यांना कुणी शिकवायला नको.

२०१६ साली हनोईत ओबामाला त्यानं प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवून बून चा खाऊ घातलं. बिल सहा डॉलर. आतडी, काळीज, मुंडी, सगळं चवीनं खायचा. जग म्हणायचं, वा! तीच वजडी आपल्या चुलीवर शिजली की घरमालक भाड्याची खोली खाली करायला लावतो. २०१५ साली तर सरकारनं बैलाचं मांस घरात ठेवणं हाच गुन्हा केला. (पुढं हायकोर्टानं त्यातलं थोडं सैल केलं, तेवढंच.) त्याच साली शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं. आपल्या ताटाबद्दल आपल्यातल्याच माणसानं लिहिलं. किती जणांनी वाचलं? मीही उशिराच वाचलं, खोटं कशाला बोलू.

पोरांनो, पुढल्या अंकासाठी आपापल्या घरातल्या चुलीबद्दल लिहून पाठवा. वह्या नसतील तर रद्दी कागदावर लिहा. शुद्धलेखन आम्ही बघत नाही. आणि गर्दनं गाठलेला कुणी दोस्त असेल तर त्याच्याजवळ बसा, तो बोलेल ते उतरवून घ्या. त्याचा मजकूर पहिल्या पानावर लावू.